आरशातला डुलक्या

मी एक जुनं कपाट आहे. पण मित्रांनो, मला उघडून कपडे शोधू नका. माझ्यात कपडे कधीच नव्हते. आधी चष्मे होते, मग रद्दी होती, आणि आता कुंडीतलं एक झाड आहे. त्या झाडावर एकजण बसला आहे. तुम्हाला तो लगेच सापडायचा नाही, पण त्याची काळजी करू नका. त्याने तुम्हाला केव्हाच बघून ठेवलं आहे.

मला पाठ नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? इतर कपाटांना असते. माझ्या मागे नुसती तारेची जाळी आहे आणि खिडकीतला वारा माझ्यातून आरपार जातो. पूर्वी मला पाठ होती आणि त्या पाठीला वरपासून खालपर्यंत आरसा होता. तो का काढला आणि काढला त्या दुपारी त्याच्यात काय दिसलं, ते मला सांगायचं आहे. कपाटं खोटं बोलत नाहीत असा माझा दावा नाही, पण मी तरी आजवर बोललेलो नाही. तशी वेळच कधी आली नाही.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवलं. हाताचा पक्का आणि जिभेचा कंजूस असा तो माणूस होता. सागाच्या फळ्या त्याने आधी महिनाभर वाळत ठेवल्या, मग खाचेत खाच बसवून माझे सांधे जोडले. माझ्या अंगात खिळा म्हणून नाही. पुढे काचेची दोन दारं, मध्ये काचेचे कप्पे आणि मागे सागाच्या चौकटीतला तो आरसा. आरसा बसवायच्या दिवशी सुताराने त्याच्या तोंडावर ओला कागद चिकटवला आणि मगच त्याला हात लावला.

माझे मालक, म्हणजे चष्मेवाले, शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "कागद कशाला?"

"बसवणाऱ्याने त्यात पहिलं बघायचं नसतं," सुतार म्हणाला.

"का बरं?"

"आमच्यात नाही बघत."

हत्यारं आवरता आवरता सुतारच पुन्हा बोलला. "दुकान बंद करताना याच्यावर कापड टाकत जा. दिवसभर बघून बघून आरसा दमतो. दमलेला आरसा घेतो ते नीट परत देत नाही."

मालक हसले, पण माणूस सरळ होता. त्यांनी पांढऱ्या चादरीचं एक कापड माझ्या मापाने शिवून घेतलं आणि वीस वर्षं रोज संध्याकाळी न चुकता माझ्या पाठीवर सोडलं.

ती वीस वर्षं मोठ्या मानाची गेली. माणूस नवा चष्मा लावून आरशात बघतो तेव्हा क्षणभर त्याला स्वतःचीच ओळख पटत नाही. असे हजारो क्षण माझ्या वाट्याला आले. कुणी भांग सारखा करायचं, कुणी हनुवटी वर करायचं, कुणाच्या डोळ्यात उगीच पाणी यायचं. "कपाट काय देखणं आहे हो," असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि मी आणखी ताठ व्हायचो. मला गर्व होता, आता लपवण्यात काय अर्थ आहे?

माझ्या सगळ्यात खालच्या कप्प्यात एक पसरट ट्रे होता. चष्मा करायला टाकून परत न्यायला न आलेल्या माणसांचे चष्मे त्यात ठेवलेले असत. मालक ते कधी टाकून देत नसत. "कुणाचे तरी डोळे आहेत ते," असं म्हणत. त्यातली काही माणसं गाव सोडून गेली होती, काही जगच सोडून गेली होती, आणि त्यांच्या भिंगांची रांग दिवसभर माझ्या आरशाकडे तोंड करून बसलेली असे. संध्याकाळी कापड पडलं की मला हायसं वाटायचं.

पुढे दुकान बसलं. मालक एका दवाखान्यात डोळ्यांचे नंबर तपासायच्या नोकरीला लागले आणि मी त्यांच्या घरी आलो, तो बोळात. माझ्यात रद्दी भरली, डोक्यावर बॅगा चढल्या, दाराच्या कडीत छत्र्या अडकवल्या. ट्रे तेवढा मालकांनी जागेवर ठेवला. पांढरं कापड फडक्यांच्या ढिगात गेलं. सात वर्षं कुणी माझ्याकडे नीट पाहिलं नाही. रद्दीआड गेलेल्या आरशालाही बघायला काही नव्हतं, आणि मला वाटतं, त्याला भूक लागली असावी.

त्या घरात मालक, त्यांची बायको, दहा वर्षांची मुलगी बिटकी आणि मालकांचा धाकटा भाऊ राहत. बिटकीची आई सकाळी कामावर जायची ती दिवे लागायच्या सुमाराला परतायची. बिटकीचे काका जहाजावर इंजिन सांभाळायचे. त्यांचं लग्न झालं, काकू घरात आली, आणि तीन महिन्यांत काकांना बोलावणं आलं. फेरी सात महिन्यांची होती.

काकांनी चार वर्षांपासून एक सरडा पाळला होता. कुंपणावर मान हलवत बसतो तो नव्हे, तर शेपटीची गुंडाळी करून फांदी धरतो तो. पुस्तकात ज्याला शॅमेलिऑन म्हणतात तो. चालताना तो वाऱ्यावरच्या पानासारखा पुढे-मागे डुलायचा, म्हणून त्याचं नाव डुलक्या. गच्चीला लागून असलेल्या सज्जात त्याचा जाळीचा पिंजरा होता. निघताना काकांनी एका कागदावर त्याची सगळी निगा लिहून दिली. ऊब देणारा दिवा किती वेळ लावायचा, उन्हाऐवजी लावायची दिव्याची नळी कुठे टांगायची, खायला द्यायच्या किड्यांना पांढरी पूड कशी चोळायची, पानांवर दिवसातून दोनदा पाणी कसं फवारायचं. शेवटची ओळ होती: "याला एकटं राहू द्या. एकटा असला की तो सुखी असतो."

काकूने तो कागद माझ्याच डोक्यावरच्या बॅगेला टेकून वाचला. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली.

"एकटं राहणं म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं का?" ती कागदालाच म्हणाली, आणि घडी घालून तिने तो बॅगेखाली सारला.

जाताना काका दारात थट्टेने म्हणाले होते, "हा धडधाकट असला की मीही धडधाकट आहे असं समज." थट्टा करणारा करून मोकळा होतो. ऐकणाऱ्याच्या मनात ती घर करून राहते. काकूने ते वाक्य गाठीशी बांधलं. मित्रांनो, एवढं नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. त्या सरड्याचा जीव आणि नवऱ्याचा जीव तिच्या लेखी एकच झाले होते.

दुसऱ्याच महिन्यात मांजराने सज्जातल्या पिंजऱ्याची जाळी ओरबाडून फाडली. डुलक्या वरच्या कोपऱ्यात चिकटला म्हणून वाचला. काकूने त्याच दुपारी बिटकीला हाताशी घेतलं, माझ्यातली रद्दी उपसली, काचेचे मधले कप्पे काढून टाकले, मला ढकलत बाहेरच्या खोलीत आणलं आणि माझ्यात झाड ठेवून दिवे टांगले. माझी दारं लावून तिने कडी घातली तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

"आता कुणी येत नाही तुझ्या वाटेला," ती म्हणाली.

माझा आनंद विचारू नका. सात वर्षांनी पुन्हा माझ्यात दिवे लागले होते. डुलक्या फांदीवर चढला, त्याचा एक डोळा काकूकडे वळला आणि दुसरा, अगदी वेगळा फिरत, मागे आरशाकडे गेला. तिथे तो थांबला. आरशातल्यानेही आपला एक डोळा त्याच्यावर रोखला होता.

"काकू, दोन दिसतायत," बिटकी म्हणाली.

काकू पाटावर बसली होती. तिने वाकून पाहिलं आणि कित्येक दिवसांनी ती मोकळं हसली. "बरं झालं की गं. सोबत झाली त्याला."

त्या दिवसापासून ती माझा आरसा घासायला लागली. सकाळी कामं उरकली की फडकं घ्यायची, आरशावर श्वास सोडायची आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसून काढायची. ते फडकं कोणतं होतं सांगू? माझ्याच मापाने शिवलेलं ते पांढरं कापड. ज्याने मला झाकायचं, त्याचंच पुसणं झालं. पाणी फवारलं की आरशावर थेंबांचे डाग पडत, म्हणून ती फवारा कमी मारायची आणि त्याऐवजी एका बशीत पाणी ठेवायची. बशीतल्या पाण्याकडे डुलक्या ढुंकूनही बघत नसे. पण काकूला वाटे, पितच असेल की कधीतरी.

आणि डुलक्या खुलला. निदान तसं दिसलं तरी. काकूचा पाट असा होता की तिथून तिला डुलक्याची पाठ आणि आरशात त्याची पलीकडची कूस दिसे. त्या कुशीवर पोपटी पट्टे उमटत, निळे ठिपके पेटत, गळ्याखालचा पडदा पिवळाजर्द होई. तो अंगाने चपटा आणि मोठा होऊन डुलत राही. "बघ कसा रंगात आलाय," ती बिटकीला म्हणायची. काकांचा फोन आला की आधी डुलक्याची चौकशी व्हायची, आणि ती सांगायची, "इतका छान रंग तुम्ही असताना पण नव्हता. आम्ही दोघंही मजेत आहोत."

फोन ठेवला की ती पुन्हा पाटावर येऊन बसायची. आरशात डुलक्याच्या मागे तिचाही चेहरा असे. ती त्याच्याशी बोलायची, आणि कुणाशी बोलतेय हे मला कधी नक्की कळलं नाही.

आता जे सांगतो ते मी माझ्या पाठीला जाणवलेलं सांगतो. दिवस जात होते तसा आरसा जड व्हायला लागला. कुणी त्याच्यात रोज थोडं थोडं काही ठेवत असावं, तसा. सुरुवातीला आतला डुलक्या बाहेरच्याबरोबर पाऊल उचलायचा. मग तो किंचित उशिरा उचलायला लागला. एका दुपारी बाहेरच्याने ग्लानीत डोळे मिटले, आणि आतल्याचे दोन्ही डोळे उघडे होते. मी सागाचं लाकूड आहे, भ्यायला माझ्याजवळ काही नाही. तरी त्या दुपारी माझा एक सांधा कुरकुरला.

डुलक्याने किडे खाणं सोडलं. काकू नाकतोडा आत सोडायची, तो फांदीवर चढून डुलक्याच्या नाकासमोरून निघून जायचा, आणि डुलक्याची जीभ जागची हलायची नाही. त्याला वेळ कुठे होता? त्याचा एक डोळा सतत मागे लागलेला असे. मग त्याचा खोलीकडचा अंगाचा भाग मातकट झाला. मग काळपट. काकूला मात्र आरशातली कूस दिसत राहिली, हिरवी आणि टवटवीत.

त्याच सुमाराला काकांचे फोन थांबले. जहाज समुद्रात असलं की चार-पाच दिवस फोन येत नसे, त्याची सवय होती. या वेळी सहा दिवस झाले, सात झाले, आठ झाले. कंपनीतून उत्तर येई की काळजीचं कारण नाही, आणि हे उत्तर ज्या आवाजात मिळे त्याने काळजी वाढे. काकू जेवणाच्या ताटावरून उठून माझ्यापाशी यायची, आरशात बघायची, हिरवा रंग दिसला की परत जाऊन दोन घास खायची. "तो ठीक आहे," ती जावेला सांगायची. कोण ठीक आहे, हे तिला कुणी विचारलं नाही.

दहाव्या दिवशी बिटकी शाळेतून आली आणि माझ्या काचेला नाक लावून उभी राहिली. ती काकूसारखी पाटावर बसत नसे. ती एकदा या बाजूने बघायची, एकदा त्या बाजूने.

"काकू, बाहेरचा काळा आहे," ती म्हणाली. "दोन्हीकडून काळा आहे. आतला हिरवा आहे."

"दिव्यामुळे वाटतं तसं."

"दिवा बंद आहे."

काकूने फडकं घेतलं आणि आरसा आणखी जोरात पुसला.

मालक घरी आल्यावर बिटकीने त्यांनाही तेच सांगितलं. आयुष्यभर डोळ्यांचं काम केलेला माणूस, त्यांनी काय करावं? मुलीला भिंतीसमोर उभं केलं, अक्षरांचा तक्ता टांगला, एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा. बिटकीने सगळ्यात खालची बारीक ओळही धडाधड वाचली.

"डोळे ठणठणीत आहेत," मालक म्हणाले. ते जरा पडल्या आवाजात म्हणाले.

मग ते स्वतः माझ्यासमोर आले. त्यांनी एका बाजूने पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, दुसऱ्या बाजूने पाहिलं. वीस वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी माझ्यावर कापड टाकलं होतं. ते का टाकत होते, हे त्यांना त्या क्षणी आठवलं असावं.

"मी डॉक्टरांना बोलावतो," एवढंच ते म्हणाले.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. आल्या आल्या त्यांनी डुलक्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"हा आरसा आत कुणी ठेवला?"

"कपाटालाच आहे," मालक म्हणाले.

"झाकायला काय झालं होतं?"

"सोबत म्हणून राहू दिला," काकू म्हणाली. "एकटा पडला असता."

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, आतला कोंदट वास घेतला, बशी पाहिली आणि डुलक्याला फांदीवरून अलगद उचलून टोपलीत ठेवलं. त्याचे डोळ्यांचे गोल खोल गेले होते. "बघा, डोळे किती आत गेलेत. हा तहानलेला आहे. बशीतलं पाणी याला कळत नाही हो. पानावरून ओघळलं तरच कळतं." मग त्या काकूकडे वळल्या आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "हा जन्मभर एकट्याने राहणारा प्राणी आहे. याला दुसरा दिसला की वाटतं, आपल्या झाडावर कुणी घुसलंय. मग हा फुगतो, रंग भडक करतो, त्याला हुसकून लावायला बघतो. खरा दुसरा असता तर एक तरी पळून गेला असता. हा कुठे पळणार? आणि तो कसा जाणार? तीन महिने हा दिवस उजाडला की भांडायला उभा राहतोय."

"मला वाटलं खुललाय," काकू म्हणाली.

"भांडताना असेच दिसतात हे. लोक फसतात."

काकू पाटावर बसली. "त्यांनी लिहून दिलं होतं," ती म्हणाली. "एकटं राहू द्या म्हणून लिहिलं होतं. मलाच ते पटलं नाही." मग ती रडायला लागली आणि बराच वेळ रडली. मित्रांनो, मलाही लाज वाटली. माझ्या ज्या आरशाचा मला एवढा तोरा होता, त्यानेच त्या मुक्या जिवाला तिळातिळाने झिजवलं होतं. मी मात्र दिवे लागले म्हणून खुशीत होतो.

"वाचेल?" मालकांनी विचारलं.

"आज पाणी प्यायला तर वाचेल. आरसा आत्ता काढा. दारांच्या काचाही काढा, जाळी लावा. याला वारा लागतो."

मालकांनी पेचकस आणला. आणि मग, मित्रांनो, ते झालं. डुलक्या टोपलीत होता, टोपली टेबलावर होती. माझ्यातली फांदी रिकामी होती. सगळ्यांच्या नजरा टोपलीकडे होत्या. फक्त बिटकी आणि काकू माझ्यासमोर होत्या, आणि त्या दोघींनी एकदमच आरशात पाहिलं.

आरशातल्या फांदीवर तो बसलेला होता. हिरवागार. शेपटीची गुंडाळी केलेला. त्याचा एक डोळा बिटकीवर होता आणि एक काकूवर. मग तो सावकाश, डुलत डुलत, फांदीवरून दोन पावलं पुढे आला.

बिटकीने काकूचा हात धरला. काकू उठली, मोरीतून वर्तमानपत्र ओलं करून आणलं आणि तोंड फिरवून ते आरशावर चिकटवलं. सुताराची गोष्ट तिला कुणी सांगितलेली नव्हती. मालकांनी ते पाहिलं आणि तेही मान दुसरीकडे वळवून पेच फिरवू लागले. आरसा निघाला तेव्हा तो उचलायला तिघं लागले. मालक म्हणाले, "दुकानात आणला तेव्हा मी एकट्याने धरला होता." तो बोळात, भिंतीकडे तोंड करून उभा केला गेला.

माझ्यातून पहिल्यांदा वारा गेला. पाठ गेल्याचं दुःख होतं, पण इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं.

मालकांनी संध्याकाळपर्यंत पुढे-मागे जाळी ठोकली. काकूने झाडाच्या वर एक बाटली टांगली, तिच्या बुडाला सुईने भोक पाडलं. थेंब पानावर पडायचा, पानाच्या टोकाशी यायचा, खालच्या पानावर पडायचा. डुलक्या काळा ठिक्कर, डोळे मिटून बसलेला. काकू या वेळी पाटावर बसली नाही, लांब दाराशी उभी राहिली, त्याला दिसणार नाही अशी. तिचे ओठ हलत होते. किती थेंब गेले कोण जाणे. मग त्याने एक डोळा उघडला, तो आधी मागे वळवला. मागे खिडकी होती आणि खिडकीत आभाळ होतं. तो डोळा तिथे खूप वेळ फिरत राहिला, काहीतरी शोधत. काही सापडलं नाही. मग त्याने तोंड पुढे केलं आणि पानाच्या टोकाचा थेंब घेतला.

काकूने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं.

फोन तिसऱ्या दिवशी आला. जहाजाची संपर्काची यंत्रणा बिघडली होती, माणसं सगळी सुखरूप होती. थेंबाचा आणि फोनचा काही संबंध होता असं मी म्हणत नाही. काकूही म्हणाली नाही. तिने या वेळी "मजेत आहोत" असंही सांगितलं नाही. ती म्हणाली, "डुलक्या मरता मरता वाचला. माझी चूक झाली."

डुलक्याला रंग यायला दोन महिने लागले. तो भडक रंग पुन्हा आला नाही. साधा, कोवळ्या पानाचा हिरवा आला, दोन्ही कुशींवर सारखा.

काका परतले ते दीड महिना उशिरा. बॅग दारात ठेवून ते माझ्याकडे आले आणि वाकून डोळे बारीक करून बघायला लागले. "मला नीट दिसत नाहीये. चष्मा फुटला माझा," ते म्हणाले. मालकांनी माझा खालचा कप्पा उघडला, ट्रे बाहेर काढला. गेल्या खेपेला काकांनी मालकांकडून करून घेतलेला आणि घाईत न्यायचा राहिलेला दुसरा चष्मा त्या ओळीत होता. त्या ट्रेमधला चष्मा ज्याचा त्याने येऊन नेल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

काकांनी तो लावला, डुलक्याला पाहिलं, समाधानाने मान डोलावली. मग ते वळले. मध्ये आरसा नव्हता, काच नव्हती. समोर काकू उभी होती.

"तुझे डोळे किती आत गेलेत," ते म्हणाले.

"मी मजेत," काकू सवयीने म्हणाली, आणि मग तिनेच नकारार्थी मान हलवली. काकांनी डुलक्याचं पुढचं काही विचारलं नाही. त्यांनी तिच्यासाठी पाट ओढला आणि ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले. पुढच्या फेरीचं नंतर बघू, किनाऱ्यावर काही काम मिळतं का तेही बघू, असं ते म्हणाले. बघतील तेव्हा बघतील, पण त्या दिवशी ते बसले होते खरे.

आरसा जुनं सामान घेणाऱ्याला दिला. तो न्यायला आला तेव्हा काकूने त्यावर ते पांढरं कापड चढवून सुतळीने चारही बाजूंनी बांधून ठेवलं होतं.

"बाई, सोडून बघू द्या की. तडा असेल तर?" तो माणूस म्हणाला.

"तडा नाही. आणि हे बघा, जिथे लावाल तिथे समोर दुसरा आरसा लावू नका."

"का हो?"

काकूने सुतळीची गाठ आणखी एकदा ओढून पाहिली. "त्याला एकटं राहायला आवडतं," ती म्हणाली.

तो माणूस हसला आणि पाठीवर आरसा घेऊन जिना उतरायला लागला. तिसऱ्या पायरीवर त्याने उगीच मागे वळून पाहिलं.

मित्रांनो, तुम्ही एखादा जीव घरी आणाल तेव्हा तुम्हाला काय हवंय ते त्याच्या गळ्यात बांधू नका. त्याला काय हवंय ते आधी शोधा. रंगात आलेला दिसला तर उठून दुसऱ्या बाजूनेही बघून या, आणि हे माणसांच्या बाबतीतही करा. आणि कुठे सागाच्या चौकटीचा, आकाराच्या मानाने फार जड असा जुना आरसा तुम्हाला दिसला, त्याच्या कोपऱ्यात काही हिरवं डुललं, तर तो पुसायला जाऊ नका. त्यावर एक कापड टाका आणि पुढे चला.